दुसरं माप

"हनुवटी सरळ. श्वास घे... धरून ठेव."

मापाडीने उंचीपट्टीची आडवी फळी मुलाच्या डोक्यावर टेकवली. एकशे एकोणपन्नास पूर्णांक एक. तीन महिन्यांपूर्वी एकशे शेहेचाळीस पूर्णांक दोन होतं.

फुटबॉल अकादमीत खेळाडूंची मापं घेणाऱ्या या माणसाला सगळे मापाडीच म्हणत. पट्टीखालचा चौदा वर्षांचा मुलगा म्हणजे लवंगी. एवढासा जीव, पण चेंडू पायात आला की तिघा-चौघांना झोंबायचा.

"मोजे का नाही काढलेस?"

"टाचेला फोड आलाय, काका. पट्टी लावलीये."

"बरं, असू दे."

नियम साधा होता. वाढीचा झपाटा सुरू झालेल्या मुलाला इतरांच्या बरोबरीने तोलायचं. कमी पडला तर घरी पाठवायचं. ज्याचा झपाटा अजून यायचाय, त्याला आणखी एक वर्ष द्यायचं. मुलांना हे सांगत नसत, नाहीतर ती माप देताना वाकून उभी राहिली असती. तीन महिन्यांत तीन सेंटिमीटर म्हणजे झपाटा सुरू. या अंगकाठीने इतरांपुढे तो कमीच पडणार. लवंगी घरी.

पट्टीचा तळ तपासायला मापाडी वाकला आणि मोज्यातून पुठ्ठ्याची घडी डोकावताना त्याला दिसली. दोन्ही टाचांखाली.

उंच दिसलो तर टिकू, एवढंच पोराला ठाऊक. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेत होता.

तो घरी जायला मापाडीला काहीच करावं लागणार नव्हतं. खोटंसुद्धा लिहावं लागणार नव्हतं. पट्टी दाखवते ते वाचायचं, बस.

चौदाव्या वर्षी त्याचंही असंच माप झालं होतं, पण नुसत्या नजरेने. "हा काही वाढायचा नाही," म्हणून कुणीतरी त्याचं नाव खोडलं. सतराव्या वर्षी तो अकरा सेंटिमीटर वाढला. तोवर त्याचे बूट मामेभावाच्या पायात गेले होते. आई म्हणायची, "वाढायचंच होतं तर वेळेवर वाढायचंस. आता जळमटं काढायच्या कामाचा तू."

लवंगीच्या खेळाचा त्याला हेवा नव्हता. खेळ त्याच्याकडेही होता. हेवा होता तो त्या एका वर्षाचा. कुणीतरी आलेख काढले, नियम केला, आणि या पोराला न मागता ते मिळणार होतं.

"काय मापाडीबुवा, किती?" दारातून प्रशिक्षकांनी विचारलं. "संध्याकाळी यादी लावायचीये."

"एकशे एकोणपन्नास एक, सर."

"असं होय?" प्रशिक्षकांचा चेहरा उतरला. त्यांनी पेनाचं टोपण काढून आकडा लिहिला.

लवंगी मात्र हसला. सामना जिंकल्यासारखा.

ते हसू मापाडीला बघवेना. तो पट्टीकडे बघत राहिला. अकरा वर्षांत त्याने घेतलेली एकाच मुलाची दोन मापं कधी दोन मिलिमीटरहून जास्त सरकली नव्हती. नाव नसलेल्या माणसाकडे तेवढंच होतं.

"थांबा सर. दुसरं माप बाकी आहे." मग मुलाकडे वळून तो म्हणाला, "मोजे काढ."

"काका, फोड..."

"दोन्ही."

पुठ्ठे खाली पडले. लवंगीचे डोळे भरून आले. "पाया पडतो काका, नका ना."

"गप्प उभा राहा. टाच टेकव."

एकशे सत्तेचाळीस शून्य. मापाडीने फळी उचलून पुन्हा टेकवली. तेच.

"पहिलं खोडा, सर."

"लबाड कुठला!" असं म्हणताना प्रशिक्षकांना हसू आवरेना. नवा आकडा लिहून ते शीळ घालत निघून गेले.

लवंगीने मोजे मुठीत गोळा केले. दारापर्यंत गेला, वळला.

"तुमचं काय जात होतं, काका?"

मापाडीकडे उत्तर होतं. नियमाने ते सांगता येत नव्हतं, आणि नियम नसता तरी त्याला ते उच्चारता आलं नसतं.

"संध्याकाळी यादी बघून जा," तो म्हणाला.

मुलगा गेला. पट्टीच्या तळाच्या लोखंडी पाटावर घामेजलेल्या पावलांचे दोन ठसे राहिले होते. मापाडीच्या हातात फडकं होतं, पण त्याने ते पुसले नाहीत. ठसे कडांकडून आक्रसत गेले, आधी बोटं, मग चवडे, शेवटी टाचा. पाट पुरता कोरडा झाल्यावर त्याने पुढच्या मुलाला आत बोलावलं.