कोणाला हात लागला?

दिवेलागणीला चहा उकळू लागला, की भातसानगरच्या एका क्वार्टरमध्ये जुळ्यांचे रडणे सुरू होई. दोन महिन्यांचे प्रज्वल आणि भूमिका पाय पोटाशी ओढून टाहो फोडत. डॉक्टरांनी तपासून सांगितले होते, की आजार काही नाही. काही बाळे अशी रडतात, मग आपोआप थांबतात. पण लेकरू मांडीवर रडत असताना ‘आपोआप’ हा शब्द कोणाला पटतो?

“मुरबाडचे भगीरथ पाठीचं मणकं मोकळं करतात. शेजारची पोर गप झाली का नाय?” आजी शालन म्हणाली.

बाळांची आई श्वेता धास्तावली. एवढ्याशा पाठीला हात? भगीरथ आले तेव्हा तिने आधी स्वतःचा तळहात पुढे केला. “काका, किती दाबता ते दाखवा.”

त्यांनी बोट टेकवले न टेकवले.

“एवढंच? मग गुण यानं येतो, की रडणं आपसूकच थांबतं?”

भगीरथ हसले. माणूस दिलदार! “मला तरी कुठं माहीत गो! कोणी इचारलंच नाय.”

“मग बघू या. एकाची पाठ दाबा, दुसऱ्याला नुसतं धरा. कोणाला काय केलं ते मला आणि आईंना सांगू नका. कळलं, की आपण तेच बघत बसतो.”

“लेकरांची परीक्षा घेतंस?” शालन कडाडली.

“लेकरांची नाही आई, उपायाची. ऐकीव मानू नये, तपासून घ्यावं, हे बुद्धविहारात आपणच ऐकतो ना?”

सासूबाईंनी कुरकुरतच होकार दिला.

मग भगीरथ आले, की आतल्या खोलीचे दार लोटले जाई. नणंद संध्या बाळांपाशी बसे, पण बाहेर येऊन ब्रही काढत नसे. शालनने मात्र निकाल लावून टाकला होता. “भूमीलाच हात लागलाय. बघ कशी हसते! प्रज्वल बिचारा राहिला.”

हळूहळू दोघांचेही रडणे ओसरले. शालनने भगीरथांच्या हातावर साखर ठेवली. “भूमीला गुण आला!”

“भूमीला मी नुसतं धरलं व्हतं,” भगीरथ म्हणाले. “पाठ प्रज्वलची दाबली.”

शालन थक्कच झाली! “मग ही गप झाली कशानं?”

“मोठी झाली, आई.”

भगीरथ आपल्या हातांकडे बघत राहिले. इतक्या आयांनी दुवा दिला त्या हातांना! त्यांना वाईट वाटले. “पण एका घरावरून ठरतं का गो?”

“नाही ठरत. पुष्कळ बाळांवर अशीच झाकून परीक्षा व्हायला हवी.”

“मग तवर तान्ह्याची पाठ मी नाय दाबणार.”

आता कोणी रडते बाळ आणले, की भगीरथ आधी डॉक्टरांना दाखवायला सांगतात आणि मग त्याला नुसते खांद्यावर घेऊन अंगणात फिरतात. मंडळी, ‘गुण आला’ म्हणण्याआधी आपणही एवढे विचारू या: उपाय केलाच नसता, तर काय झाले असते?