एकच आवाज

सुट्टीत बाबांसोबत प्रवास म्हणजे डोक्याला ताप. वीस वर्षं शहरात बस चालवलेला माणूस दुसऱ्याच्या गाडीत गप्प बसेल तर शपथ! "गिअर केवढ्या उशिरा टाकला बघ!" "वळणावर ब्रेक मारतात होय?" सगळी बस ऐकतेय आणि मी चौदा वर्षांची, खिडकीत तोंड खुपसून बसलेली. मी वैतागून काही बोलले, तर आई माझ्यावरच डाफरली, "केवढा गं तुझा घसा!" म्हणजे बाबांना सगळं माफ.

घाटात निम्म्यावर वरून दगड कोसळले. त्यातला एक समोरची काच फोडून थेट ड्रायव्हरच्या मनगटावर आदळला. बस थांबली, पण पुढचा रस्ता बुजला होता आणि डोंगरावरून दगड अजून सुटत होते. दार एकच, मागचं, तेही दरीच्या बाजूला. एकेक जण अंग चोरून उतरला आणि मागच्या रुंद जागेकडे पळाला. आई धाकट्या भावाला घेऊन गेली. आत राहिली आजी, बाबांची आई. गुडघे पार गेलेले, त्या दारातून तिला उचलून नेणं शक्यच नव्हतं. "जा रे तुम्ही, मला काय धाड भरलीय," ती म्हणाली, पण बाबांचा शर्ट काही सोडेना.

बाबा सरळ स्टिअरिंगवर जाऊन बसले. "मागे घेतो. पोरी, तू उतर."

बाहेर पन्नास माणसं आणि पन्नास सूचना. बाबा खिडकीतून गरजले, "सगळे गप्प! मला एकच आवाज हवा. माझ्या पोरीचा."

मी बसच्या मागे जाऊन उभी राहिले. "येऊ द्या... येऊ द्या..." आणि ते एवढं मोठं धूड माझ्या शब्दावर हलायला लागलं! थांबा म्हटलं की थांबलं. डोंगराकडे म्हटलं की वळलं. अहो, घरात माझ्या सांगण्यावरून कोणी पंखासुद्धा बंद करत नाही.

शेवटच्या वळणावर दरीकडच्या मागच्या चाकाखालची माती ढासळली.

"थांबाऽऽ!"

बस जागच्या जागी थांबली. दगड गडगडत खाली गेले, किती तरी वेळ आवाज येत राहिला. बाबांनी काहीही विचारलं नाही. नुसते थांबून राहिले. मी पोटावर पडून चाक पाहिलं. वीतभर रस्ता उरला होता. चुकले असते तर बाबा आणि आजी दोघंही गेले असते.

"पुढे घ्या. हातभर. बस्स! आता डोंगराला चिकटून... येऊ द्या... येऊ द्या..."

चाक घट्ट रस्त्यावर आलं. बस रुंद जागेत पोचली आणि आजीला सहा जणांनी मिळून उतरवलं. बाबा उतरले ते एका दगडावर बसले. तोंडावरचा घाम शर्टानं पुसत राहिले. असे बाबा मी कधी पाहिले नव्हते. लोक त्यांची पाठ थोपटत होते. मलाही वाटलं, आरशात बघून त्यांनीच निभावलं, मी आपली उगीच घसा फोडत होते.

त्यांच्यासाठी पाणी आणायला मी बसच्या पुढून गेले आणि थबकले. दरीकडच्या बाजूला आरसा नव्हताच. वाकडी दांडी तेवढी लोंबत होती. पाण्याची बाटली घेऊन मी धावत परत आले.

"बाबा! तुम्हाला या बाजूचं काही दिसत नव्हतं?"

"काहीच नाही."

"मग सांगितलं का नाही मला?"

"तुझा आवाज कापला असता," बाबा म्हणाले आणि बाटली तोंडाला लावली.

मला रडूच कोसळलं. स्वतःचा जीव सोडा, या माणसानं स्वतःची आई माझ्या भरवशावर ठेवली होती.