मागापाशी दहा मिनिटं

बुटीबोरीच्या त्या कापड गिरणीत पाळ्या तीन, आणि तिन्ही पाळ्यांचं एकमेकींशी हाडवैर. दारातल्या फळ्यावर प्रत्येक पाळीचे दोष वेगळे लिहिले जात. मग माग बिघडला की तो दुरुस्त कोण करणार? पाळी संपेपर्यंत कसाबसा रेटायचा आणि पुढच्याच्या गळ्यात मारून मोकळं व्हायचं. थानच्या थान कापड नासलं तरी आपला रकाना स्वच्छ! या हुशारीला काय म्हणावं?

माया रंगारी विणकामाची प्रमुख झाली आणि पहिल्याच सोमवारी तिने ते तीन रकाने पुसून टाकले. तिन्ही पाळ्यांचा मिळून एकच आकडा. शिवाय पाळी बदलताना सुटणाऱ्या आणि येणाऱ्या कारागिराने आपल्या मागापाशी दहा मिनिटं एकत्र थांबून तो तपासायचा.

व्यवस्थापक सुमंत देशकर भडकले. "मग मी झापायचं कोणाला?"

"मला," माया म्हणाली.

"महिन्याभरात दोष कमी झाले नाहीत तर प्रमुखपद जाईल."

"चालेल, सर."

पहिल्या आठवड्यात आकडा दुप्पट झाला. देशकरांनी कपाळाला हात लावला. माया मात्र खूश होती. इतके दिवस लपवलेलं आता लोक सांगू लागले होते.

महिनाअखेर आकडा सुरुवातीच्याही निम्म्यावर आला, तर देशकरांना वेगळाच संशय. पुन्हा लपवाछपवी सुरू झाली असणार! दुपारी पाळी बदलताना ते मायाला घेऊन थेट आत शिरले.

सात नंबरचा माग बंद होता. बावीस वर्षांत एकदाही चूक कबूल न केलेला पहिल्या पाळीचा बळीराम त्याखाली वाकला होता, आणि दुसऱ्या पाळीची इंदूबाई टॉर्च धरून उभी होती. बळीरामची घरी जायची बस नुकतीच सुटली होती.

"कोणाच्या पाळीत बिघडला?" देशकरांनी विचारलं.

बळीराम उठून उभा राहिला. "माह्या, साहेब. फणीचा दात सकाळीच वाकला. मीच पायलं नाई."

"लिहाचं असन तं दोघायचं लिहा," इंदूबाई म्हणाली. "अन् जरा बाजूले व्हा साहेब, उजेड अडवून राहिले तुमी."

देशकर बाजूला झाले आणि बळीराम पुन्हा मागाखाली वाकला. मग त्यांनी इंदूबाईच्या हातातला टॉर्च घेतला आणि वाकून मायाला विचारलं, "मॅडम, कुठे धरू?"