शिलाईवाल्या वहिनींचा कोयता

मित्रांनो, परसातल्या पत्र्याच्या खोलीत एक कुलूपबंद पेटी आहे. मी तिच्यात राहणारा कोयता. माझं वय बरंच झालं. या वयात माझ्या अंगावर दोनदा रक्त सांडलं. दोन्ही वेळा मी तोच होतो, हे मला तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्मच मुळी मारहाणीत झाला. मोडीत निघालेल्या ट्रकच्या कमानीचा पाटा लोहाराने भट्टीत लाल केला. तो सांडशीने मला ऐरणीवर धरायचा आणि त्याची बायको घण घालायची. प्रत्येक घावाला ठिणग्या उडत. शेवटी तापल्या अंगाने मी तेलात बुडालो आणि किंचाळलो.

पुढे मी एका दुकानात टांगलेला असताना एक जोडपं आलं. नवरा पाण्याचा टँकर चालवायचा. बायको कपडे शिवायची. सगळी गल्ली तिला वहिनी म्हणे. घरामागच्या परसात काटेरी झुडपं आणि बांबू माजले होते, म्हणून त्यांना कोयता हवा होता.

टँकरवाल्याने सगळ्यांत लांब, चकचकीत कोयता उचलला. "हत्यार कसं दणदणीत पाहिजे!"

"अहो, मिरवायला नेताय की झाडं तोडायला?" वहिनी म्हणाल्या. "याची मूठ नुसती चिकटवलीय. दोन घावांत पातं निसटेल आणि तुमच्याच नडगीवर बसेल."

मग त्यांनी मला हातात घेतलं. माझं वजन टोकाकडे होतं, त्यामुळे घाव आपसूक पडे. पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं, तीन रिवेट ठोकलेले, मुठीचं टोक खाली वळलेलं. "हात घामेजला तरी सुटणार नाही," त्या म्हणाल्या. मोजल्याशिवाय कापडाला कात्री न लावणारी बाई ती! टँकरवाला तोंड पाडून मागोमाग निघाला.

दोन वर्षं मी राबलो. एका सकाळी वहिनी बांबू तोडत होत्या आणि टँकरवाला वाकून फांद्या गोळा करत होता. अचानक झुडूप फाटल्यासारखा आवाज झाला. रानडुक्कर! त्याने टँकरवाल्याला उताणा पाडला आणि सुळ्याने त्याची मांडी उसवली. तो ओरडत होता आणि डुक्कर पुन्हा त्याच्या पोटावर चालून येत होतं.

वहिनी पळाल्या नाहीत. पहिला घाव खांद्यावर बसला, मी हाडात रुतलो. डुक्कर गर्रकन वळलं. त्यांनी पाय रोवून मला हिसडून काढलं आणि मानेवर घातलं. पुन्हा घातलं. गरम रक्त मुठीवरून वाहत होतं, पण हात निसटला नाही. ते जनावर कोसळलं तरी त्या मारतच होत्या. "अगं, मेलं ते!" टँकरवाला कण्हला, तेव्हा कुठे त्या थांबल्या.

त्यानंतर माझं कौतुक सुरू झालं. टँकरवाल्याची मांडी भरून आली आणि त्याने मला बाहेरच्या खोलीत भिंतीवर लटकवलं. येणाऱ्याजाणाऱ्याला तो हकीगत सांगे. आधी म्हणे, "हिनं डुक्कर मारलं." मग म्हणू लागला, "आम्ही मारलं." वर्षभरात वहिनी गोष्टीतून गायबच झाल्या. "मी एका घावात आडवं केलं!" आत शिलाईयंत्र खडखडत राही.

एकदा पाच-सहा पाहुण्यांसमोर तो असाच रंगात आला होता. शेजारचे मास्तर हसून म्हणाले, "अहो, डुक्कर कुठलं, आडवे तर तुम्ही होतात! वहिनी होत्या म्हणून वाचलात."

सगळे खो-खो हसले. टँकरवाल्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्याने मला भिंतीवरून ओढलं आणि मास्तरांवर उगारलं. "डुक्कर कापलंय यानं! तुझी काय गत?"

मी खाली येत होतो. मित्रांनो, मला थांबता येत नाही. वहिनी आतून धावल्या आणि त्यांनी माझं पातंच मुठीत धरलं. मी त्यांच्या बोटांत हाडापर्यंत गेलो.

फरशीवर रक्ताचे थेंब पडत होते.

वहिनींच्या उजव्या हाताची दोन बोटं पुन्हा वळली नाहीत. मी कित्येक महिने कोपऱ्यात पडून होतो, वाळलेल्या रक्तावर गंज चढत होता. एक दिवस टँकरवाल्याने मला पोत्यात गुंडाळलं. "नदीत टाकतो मेल्याला."

"त्याला कशाला?" वहिनी म्हणाल्या. "तो भिंतीवरून आपणहून उतरला नव्हता."

तो मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. मग त्याने कानस आणली, माझा गंज घासला, धार लावली, तेलाने पुसलं. आता वहिनींच्या शिलाईची काजं तोच करतो, वेडीवाकडी का होईना. विचारणाऱ्याला सांगतो, "डुक्कर हिनं मारलं. बोटं माझ्यामुळं गेली."

मित्रांनो, काम झालं की आम्हाला पुसा, कोरडं ठेवा, म्यानात घाला. शोभेला भिंतीवर लावू नका. रागाच्या हाताला आम्ही सापडता कामा नये.

पेटीची किल्ली वहिनींच्या कमरेला असते. झुडपं वाढली की टँकरवाला येऊन हात पुढे करतो. त्या आधी त्याच्या डोळ्यांत बघतात, घाई न करता. मग कुलूप काढतात. कधीकधी नुसतंच म्हणतात, "आज नको. उद्या बघू." तो मान हलवतो आणि माघारी जातो.