तीन वाजताचे शंभर

तीन वाजले आणि पडद्यावरचा आकडा पुन्हा उडाला. सेकंदाला शंभर. टॉर्केलने टेबलावर मूठ आपटली.

"चौथा दिवस! या लुंड शहरातली सगळी भुतं तीनलाच उठतात का?"

"कॉफीला उठतात," दारातून इल्वा म्हणाली. प्रयोगशाळा तिच्या हाताखाली होती. "तुझ्या हट्टापायी आज कॉफीच्या यंत्राचा प्लग काढलाय. सतरा माणसं कोरडे केशराचे पाव चावत तुझ्या नावानं खडे फोडताहेत."

"म्हणजे दोष कॉफीच्या यंत्राचा नाही."

"हे सोमवारपासून सांगतोय आम्ही."

टॉर्केलच्या उपकरणात रक्त केसाएवढ्या नळीतून जाई. रोगट पेशीला लावलेला रंग चमकला की डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक तारा ती चमक टिपत आणि पेशी वेगळ्या वाटेला लागे. लाखात एक असली तरी. त्याच्या बायकोच्या, गुनव्होरच्या रक्तातली ती एक कुणाला वेळेवर दिसली नव्हती. मार्चमध्ये ती गेली.

इस्पितळातून रक्त अडीचला येई आणि पाचपर्यंतच ताजं राही. आजच्या रक्तात मोजून बारा रोगट पेशी घातल्या होत्या. त्या सापडल्या नाहीत तर उद्याच्या बैठकीत तारांचं काम बंद, असं इल्वाने तोंडावर सांगितलं होतं.

त्याने सगळ्या वायरी बदलल्या होत्या. खोलीतले दिवेही बंदच होते. आता त्या अंधारात खिडकीच्या काळ्या पडद्याच्या कडेला त्याला एक पिवळी रेघ दिसली. त्याने पडदा ओढला.

खिडकीत नाताळाचा सात दिव्यांचा लाकडी स्टँड होता. खाली टायमर, तीनवर लावलेला. एका पायाचा लाल रंग उडालेला. गुनव्होर या मजल्याचं ऑफिस सांभाळायची, तेव्हा दर डिसेंबरला तीच तो लावायची.

"कुणी लावला हा?"

"मी," इल्वा हळू आवाजात म्हणाली. "ती लावायची म्हणून. तुला विचारायचा धीर झाला नाही."

"अगं, विजेबरोबर हे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात! उपकरण दर वेळी पेशी म्हणून मोजतंय! चार दिवस मी वायरी उपटतोय!"

"अरे देवा. काढते." ती वाकली.

"प्लगला हात लावू नकोस! टायमरची वेळ चुकते. मधला बल्ब सैल करायचा."

त्याने स्वतःच तो फिरवला. एकाबरोबर सातही विझले. घरच्या अशाच स्टँडचा बल्ब गुनव्होर रोज झोपताना असाच सैल करायची, आणि प्लग ओढला म्हणून त्याला रोज बोलणी बसायची.

उपकरणाच्या पडद्यावर शून्य आलं. मग एक. बऱ्याच वेळाने दोन. इल्वा कोट न काढता स्टुलावर बसून राहिली. पाचला पाच मिनिटं कमी असताना नळी रिकामी झाली.

"बारातल्या अकरा," ती म्हणाली. "जुन्या उपकरणाला सात सापडायच्या. तारा राहतील, टॉर्केल. उद्या मी बोलते."

"एक सुटली," तो वैतागून म्हणाला. "एकसुद्धा सुटता कामा नये."

त्याने मधला बल्ब पुन्हा घट्ट केला. खिडकी उजळली.

"जा, कॉफीचं यंत्र लाव आता. त्या सतरा जणांच्या शिव्या खायला येतोच मी."