घराखालची दोरी

रँडलने वडिलांना आयुष्यात एकच मोठी भेट दिली आणि तिच्याबद्दल बोलायची एकही संधी सोडली नाही. भेट म्हणजे घराखालच्या बुटक्या पोकळीतली ओल शोषणारं डिह्युमिडिफायर, दोन वर्षांपूर्वी फादर्स डेला आणलेलं. एप्रिलमध्ये डॅडी गेले, तेव्हा दफनानंतर चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या चिकनच्या ताटांसमोर त्याने ही कथा तीन टेबलांना ऐकवली: एकटा म्हातारा, दमट घर आणि पोटावर सरपटत जाऊन यंत्र बसवणारा मुलगा. नेल्डा शेजारीच कागदी पेले गोळा करत होती. भावाला आजच्या दिवशीही स्वतःचंच कौतुक सुचतं याचं तिला आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य वाटायला आधी काही अपेक्षा असावी लागते.

ऑगस्टमध्ये मागच्या खोलीची लाकडी जमीन पायाखाली दबू लागली. रँडलने लगेच गिऱ्हाईक आणलं, त्याचा मासेमारीतला दोस्त. त्याला घर पाडून नुसती जागा हवी होती. सही मात्र दोघांची लागणार होती. गुरुवारी संध्याकाळी कागद घेऊन येतो, असं रँडलने फोनवर सांगितलं.

"डॅडींनी घराकडे बघितलंच नाही कधी," तो म्हणाला. "मी एवढं मशीन बसवून दिलं. पण म्हातारी माणसं, पालथ्या घड्यावर पाणी."

आधी आपण खाली उतरून बघू, असं नेल्डा म्हणाली.

"तू बघणार? तू पुस्तकं बघ, बाई."

नेल्डा शाळेच्या ग्रंथालयात होती, तेवढ्यावरून हा टोमणा. पण डॅडींनी चाळीस वर्षं गिरणीत माग दुरुस्त केले होते, आणि लाकूड कसं ओळखायचं ते त्यांनी मुलालाच नव्हे, मुलीलाही शिकवलं होतं. स्क्रूड्रायव्हर टोचायचा. चांगलं लाकूड उलट ढकलतं.

गुरुवारी दुपारी तिने त्यांचा कामाचा डगला चढवला, डोक्याला रुमाल बांधला, अंजिराच्या झाडाआडचं फळीचं दार काढलं आणि कोपरांवर सरपटत आत शिरली.

तांबड्या मातीवर प्लास्टिक अंथरलेलं होतं. यंत्र हिरवा दिवा लावून इमानाने घरघरत होतं. पुढच्या बाजूच्या तुळया एकजात टणक निघाल्या. मागच्या खोलीखाली मात्र चिखल होता. यंत्रातून निघालेला पाइप हातभर जाऊन तिथेच संपला होता. तो भिंतीबाहेर जायला हवा होता, आणखी बारा फूट. म्हणजे यंत्र रात्रंदिवस हवेतलं पाणी काढत होतं, पाइप ते पुन्हा घराखालीच ओतत होता आणि तेच पाणी परत हवेत चढत होतं. नेल्डाला ती तीन टेबलं आठवली आणि चिखलात पालथी पडल्या पडल्या तिला हसू आलं. हसण्यात काही आनंद नव्हता.

मग तिला टब दिसला. पाइपच्या तोंडाखाली सिमेंट कालवायचा चपटा टब होता, काठोकाठ भरून वाहणारा. त्याच्या दोन कड्यांना दोन दोऱ्या होत्या. एक सरळ दाराकडे गेलेली. दुसरी पलीकडच्या खांबावर ठोकलेल्या कप्पीवरून वळून दाराकडेच आलेली. गाठी डॅडींच्या होत्या. त्या तिने कुठेही ओळखल्या असत्या. एक दोरी ओढली की भरला टब दारापाशी येणार, दुसरी ओढली की रिकामा टब जागेवर जाणार. रोज सकाळ-संध्याकाळ, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी. पाणी अंजिराच्या मुळाशी. गेल्या उन्हाळ्यात सगळ्या गल्लीची झाडं करपली आणि हे एकटं लगडलं होतं. तिने मुरंब्याच्या सहा बरण्या घरी नेल्या होत्या आणि काही विचारलं नव्हतं. दर रविवारी ती यायची आणि पुढच्या ओट्यावर बसून जायची.

पाइप मिळणारं दुकान दहा मिनिटांवर होतं. त्यांनी तो का आणला नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. पुढच्या शनिवारी लांब पाइप आणतो, असं रँडल म्हणाला असणार. आणि स्वतः विकत आणणं म्हणजे मुलाला त्याची चूक दाखवणं. हा चांगुलपणा तिला कधीच मानवला नव्हता. आजही मानवला नाही. घेणाऱ्याला माजवणारा चांगुलपणा होता तो.

मऊ पडल्या होत्या फक्त दोन तुळया, एप्रिलपासून टब ओढायला कुणी नव्हतं म्हणून. सुताराचं दोन दिवसांचं काम.

रँडल पाच वाजता आला तो पांढरी पँट घालून. आधी त्याने अंजिरं तोडून तोंडात टाकली, मग कागदांचं फोल्डर दाराजवळच्या बाकावर ठेवलं आणि तिच्या अवताराकडे बघून मान हलवली.

"पाइप आणलास?" तिने विचारलं.

"कसला पाइप?"

"लांब. पुढच्या शनिवारी आणणार होतास तो."

त्याचं चावणं थांबलं. "डॅडी म्हणाले होते, मशीन उत्तम चाललंय."

"उत्तमच चाललंय. आत जाऊन बघ."

तो पँटकडे बघत सापांविषयी बोलला, मग गुडघ्याविषयी. तिची दुसरी अपेक्षा नव्हतीच. तिने दोरीचं टोक त्याच्या हातात दिलं. "मग इथूनच ओढ."

दोनदा ओढूनही काही हललं नाही. "जड आहे गं."

"हो."

तिसऱ्या हिसक्याला अंधारातून टब खरवडत आला, उंबऱ्याला आपटला आणि गार पाणी चिखलासकट त्याच्या पँटवर सांडलं. दोरी धरून तो तसाच उभा राहिला. गाठीकडे बघत राहिला. तोही त्या गाठी ओळखत असणार.

"अंजिराला ओत," ती म्हणाली. "मग दुसरी दोरी ओढ. टब जागेवर गेला पाहिजे."

फोल्डर न उघडता तिने उचललं आणि त्याच्या गाडीच्या सीटवर नेऊन ठेवलं. ती परत आली तेव्हा तो वाकून टब कलता करत होता.

"हे कुठवर करायचं?" मान वर न करता त्याने विचारलं.

"पाइप येईपर्यंत."