दोन्हीकडून पिवळी

"पिवळी बाजू धर गं. पांढरीकडे बघायचंच नाही," सासूबाई सांगायच्या. त्यांच्या शिवणाच्या टेपवर पिवळ्या बाजूला इंच होते, पांढऱ्या बाजूला सेंटिमीटर. त्या गेल्या, मागोमाग टेपही विरली. सुनेने नवी आणली, ती निघाली दोन्हीकडून पिवळीधमक!

परवा दवाखान्यात तिने सासऱ्यांना शब्द दिला होता, "बाबा, डोळ्याचं ऑपरेशन करून घरी याल ना, तेव्हा तुमच्या खोलीत उन्हाची तिरीपसुद्धा यायची नाही." बाबा उद्या सकाळी येणार होते. आणि शिवून आलेला पडदा खिडकीच्या मधोमध लांबट टॉवेलासारखा लोंबत होता. दोन्ही अंगांनी ऊन थेट उशीवर.

तिने टेलरबाईंना फोन लावला.

"ताई, तुम्हीच म्हणालात, अठ्ठेचाळीस बाय दीडशे. इंच धरले तर खिडकी वरच्या मजल्यात घुसायची! म्हणून सेंटिमीटर धरले. म्हटलं, न्हाणीघराची असेल."

"अहो, अठ्ठेचाळीस इंचच आहेत!"

"मग दीडशे काय आहेत?"

तिने टेप उलटसुलट करून पाहिली. उंची घ्यायला ती खुर्चीवर चढली, तेव्हा टेप हातात उलटली असावी. देव जाणे.

नवरा स्टीलची टेप घेऊन मदतीला धावला. "रुंदी एक बावीस."

"एक बावीस काय?"

"मीटर. थांब, वरच्या ओळीत चार फूट दिसतंय."

"दांडी पाच फुटी. कापड मीटरने घेतलं, आणि त्याच कापडाचा पन्हा दुकानदाराने इंचात सांगितला! मी धरू काय नि सोडू काय?"

"माझंच बघ की. उंची फुटांत, वजन किलोत, कंबर इंचांत. तरी माणूस एकच."

"कंबर आता मीटरातच सांगत जा," ती म्हणाली. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

फोन अजून चालूच होता. "ताई, कापड बरंच उरलंय, जोडून देते. पण माप आजच्या आज हवं. आणि काय ते एकच सांगा बाई!"

टेप तिने गुंडाळून खणात टाकली. पार्सलची सुतळी शोधली. एक तुकडा खिडकीच्या आडवा ताणून तोडला, दुसरा उभा. उभ्याला गाठ मारली, ओळखायला.

"आणि आकडा?" नवऱ्याने विचारलं.

"आकडा नाही. खिडकीच घेऊन जाते," ती म्हणाली. दोन्ही सुतळ्या पिशवीत घातल्या, टॉवेलासारखा पडदा काढून वर ठेवला आणि चपला सरकवून ती जिना उतरू लागली.